बॅटरी कशी दगा देते

आमच्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि बॅटरीला सेल. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढे घोटाळा होईल. विजेरी हा शब्द मी शाळेच्या पुस्तकाबाहेर कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. रात्री घराबाहेर पाय टाकला की आतून आईचा आवाज येतो, "बॅटरी घेतलीस काय रे?" मी एकावन्न वर्षांचा आहे आणि हा प्रश्न मला निदान पंचेचाळीस वर्षं विचारला जातोय.

मी एमआर. औषध कंपनीचा माणूस. हेडक्वार्टर चिपळूण; खेड, दापोली, गुहागर, देवरूख हा माझा पट्टा. डॉक्टर लोक आम्हाला आत बोलावतात ते ओपीडी आटपल्यावर, म्हणजे रात्री नऊ-साडेनऊला. त्यामुळे गेली चोवीस वर्षं माझं घरी परतणं काळोखातच होतं, आणि त्या काळोखात पावसाळ्याचे चार महिने आमचे रस्ते कसे असतात ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

परवा आमच्या टीममधल्या एका नव्या पोराने मोबाईलवर जाहिरात पाठवली. काळी, जाडजूड, पुढेमागे सरकणारं भिंग असलेली बॅटरी. एक लाख ल्यूमेन (ल्यूमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप), रेंज पाच किलोमीटर, किंमत सातशे नव्व्याण्णव. खाली प्रश्न: "सर, घेऊ का?" मला बॅटऱ्यांचा नाद आहे हे कंपनीत सगळ्यांना ठाऊक आहे. फोनवर सांगायला लागलो तर पाऊण तास झाला तरी माझं संपेना, आणि त्याला खेडला एका डॉक्टरांना भेटायचं होतं. राहिलेलं इथे लिहितोय.

पाच किलोमीटरचा निकाल आधी लावू. खोक्यावर रेंज कशी छापायची याची एक ठरलेली रीत आहे, 2009 साली अमेरिकेत मानक म्हणून ठरलेली. त्या रीतीने रेंज म्हणजे झोताचा उजेड पाव लक्सवर उतरतो तिथपर्यंतचं अंतर. लक्स हे एखाद्या जागी पडणाऱ्या उजेडाचं माप; पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेचं चांदणं. म्हणजे चांगल्या कंपनीने प्रामाणिकपणे "200 मीटर" छापलं असेल, तरी दोनशे मीटरवर तुम्हाला चांदण्याइतकंच दिसणार. तिथे उभी आहे ती म्हैस आहे की झुडूप, यावर वाद घालता येईल इतपत. शिवाय अंतर दुप्पट हवं तर झोताची तीव्रता चौपट लागते. दोनशे मीटरला दहा हजार कँडेला (हे झोताच्या तीव्रतेचं माप) पुरतात. पाच किलोमीटरला साडेबासष्ट लाख लागतात.

आता एक लाख ल्यूमेन. आजचा चांगला एलईडी एका वॉटला ढोबळमानाने शंभर ल्यूमेन देतो. लाखाला हजार वॉट. हजार वॉटची घरात इस्त्री असते. ती हातात धरून चालायची, आणि तीही सातशे नव्व्याण्णवच्या बॅटरीतल्या एका सेलवर, ज्यात सगळी मिळून बारा वॉट-तास वीज मावते. पोराला म्हटलं, अरे, त्या हिशेबाने ती पाऊण मिनिटात संपेल, आणि ते पाऊण मिनिटही तुझा हात जागेवर राहिला तर.

तो म्हणाला, "मग सर, किती ल्यूमेनची घेऊ?"

हाच प्रश्न मला उलटा वाटतो. किती उजेड, हे मागाहून विचारावं. आधी विचारावं ते हे, की ही बॅटरी मला दगा कशी देणार आहे? कारण दगा ती देतेच. आणि माझा अनुभव असा की खिशात, गाडीत आणि घरात ती तीन निरनिराळ्या कारणांनी मरते.

वडिलांना, म्हणजे अण्णांना, हे कुणी शिकवलेलं नव्हतं तरी कळलेलं होतं. अण्णा पोस्टात होते. त्यांची एव्हरेडीची तीन सेलची बॅटरी होती, पितळी, वरून पांढरा मुलामा दिलेली. मुलामा उडून जागोजागी पिवळी झालेली. पेटवली की उजेड पिवळा, मध्ये गोल आणि भोवती दोन-तीन कडी पडलेला. आजच्या हिशेबाने तो काहीच नव्हता. पण तिच्या बुडाचं झाकण उघडलं की स्प्रिंगच्या पोटात कापसात गुंडाळलेला एक जादा बल्ब असायचा, कारण बल्ब उडतो हे बनवणाऱ्याला माहीत होतं. आणि बॅटरी ट्रंकेत ठेवायची झाली की अण्णा मधला सेल उलटा घालून ठेवत. ट्रंकेत दाबून बटण सरकलं तरी पेटायची नाही, सेल उतरायचे नाहीत. आम्हा पोरांना ते गुपित वाटायचं. पाहुण्यांना बॅटरी दाखवायला काढली आणि ती पेटली नाही, की आम्ही तोंडावर हात ठेवून हसत असू.

सेल उतरले की अण्णा ते उन्हात ठेवत. तापलेला सेल थोडा वेळ जीव धरतो हे खरं आहे, पण त्या जस्त-कार्बनच्या सेलचं जस्ताचं डबडं म्हणजेच त्याचं इंधन असतं. वापरलं जातं तसं ते आतून खाल्लं जातं आणि शेवटी फुटून आतला चिकट रस बाहेर येतो. अण्णांच्या पितळेच्या आतल्या बाजूला त्या रसाचे हिरवे डाग शेवटपर्यंत होते.

खिशातली बॅटरी मरते ती घरी राहून. दुसरं काही कारण नाही. मी पहिली भारी बॅटरी घेतली ती 18650 सेलवाली. या आकड्याला घाबरू नये, तो सेलचं माप आहे: 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब. झोत असा, की आमच्या गच्चीवरून नदीपलीकडचा माड दिसायचा. आठ दिवस खिशात बाळगली. नवव्या दिवशी पँटचा खिसा उसवला, दहाव्या दिवशी ती टेबलावर राहिली, आणि त्याच रात्री मार्गताम्हान्याच्या अलीकडे मला गाडीतून उतरावं लागलं. नेहमी असंच होतं.

तेव्हापासून खिशासाठी एका पेन्सिल सेलची, म्हणजे दुकानदार ज्याला डबल ए म्हणतो त्या मापाची बॅटरी वापरतो. लांबी माझ्या तळहाताएवढी, शर्टाच्या खिशात पेनाशेजारी क्लिपने राहते. कमाल उजेड साध्या सेलवर दीडशे ल्यूमेनच्या आसपास. पुष्कळ झाला. मोबाईलचा उजेड आहे की, असं म्हणणारे भेटतात. मोबाईलचा उजेड दोन पावलांपुरता, अंगभर पसरलेला असतो. त्याने कुलूप उघडावं. पाऊस लागला, हात ओले, फोनवर बायकोशी बोलायचं आहे आणि त्याच फोनने वाटही बघायची आहे, अशी वेळ आली की मग ते लोक माझ्याकडे बॅटरी मागतात.

खिशातल्या बॅटरीला उजेडाची सगळ्यात महत्त्वाची पायरी म्हणजे तळाची. एक-दोन ल्यूमेन. दुकानात हे कुणी दाखवत नाही. तिथे सगळे कमाल पायरीच छताकडे मारून दाखवतात. पण दापोलीच्या लॉजवर रात्री दोनला उठल्यावर, खोलीत दुसरा एमआर झोपलेला असताना, जे लागतं ते हेच. डोळ्याला काळोख पूर्ण सरावायला वीस मिनिटं, अर्धा तास जातो. ती सगळी कमाई भारी झोताने एका क्षणात जाते, आणि मग बॅटरी विझवली की तुम्ही आंधळे.

तेव्हा पेटवल्याबरोबर तळाच्या पायरीवर लागणारी बॅटरी बघा. पेटवल्याबरोबर डोळे दिपवणारी आणि मग तीनदा दाबून खाली येणारी नको. आणि मधेच लुकलुक करणारी, एसओएस देणारी तर मुळीच नको. वाटेत फुरसं दिसलंय आणि तुमच्या हातातली बॅटरी नाचगाणं करते आहे, हा प्रसंग माझ्यावर येऊन गेलेला आहे.

फुरसं निघालंच आहे तर सांगून टाकतो. कातळावरून, सड्यावरून रात्री चालताना बॅटरी डोक्याजवळ धरू नये, कमरेच्या खाली धरावी. उजेड तिरका पडला की खड्याची, काटकीची आणि फुरशाची सावली पडते. ती आधी दिसते. कुत्र्या-मांजराचे, बिबट्याचे डोळे उजेडात चमकतात तसे सापाचे चमकत नाहीत. त्यामुळे डोळे दिसतील या भरवशावर राहू नये. आणि पायात बूट हवेत, बॅटरी कितीही चांगली असली तरी.

फुरशाचा रंग हा एक स्वतंत्र विषय आहे, आणि तो मला एका डॉक्टरांनी शिकवला. पूर्वी आम्ही डॉक्टरांना कंपनीचं नाव छापलेली पेन-टॉर्च देत असू. एकदा खेडच्या एका वयस्क फिजिशियननी मी दिलेली पेन-टॉर्च दुसऱ्याच भेटीत परत केली. म्हणाले, "तुमच्या या निळ्या उजेडात सगळेच पेशंट आजारी दिसतात, आणि कावीळवाला तेवढा बरा दिसतो." मला वाटलं, चेष्टा. त्यांनी खिडकीशी नेऊन दाखवलं. त्यांच्याकडे बल्बवाली जुनी होती. एकाच पेशंटच्या डोळ्याचा पांढरा भाग दिवसाच्या उजेडात सरळ पिवळसर, जुन्या बल्बखाली थोडा, आणि आमच्या टॉर्चखाली चक्क पांढराफेक.

घरी येऊन शोधाशोध केली तेव्हा सीआरआय हा शब्द कळला. उजेडाखाली रंग किती खरे दिसतात याचा तो आकडा. सूर्याचा आणि जुन्या बल्बचा शंभर धरतात. बॅटऱ्यांत सर्रास बसवतात ते निळसर पांढरे एलईडी सत्तरच्या आसपास असतात, आणि त्यांच्याखाली मार खातात ते विशेषतः तांबडे आणि तपकिरी रंग. आता आमच्या इथला जांभा दगड तांबडा, वाळलेलं पान तपकिरी, आणि त्यावर बसलेलं फुरसंही तपकिरी. तिन्ही एकाच राखाडी रंगात दिसले तर एक लाख ल्यूमेन काय करायचेत? खोक्यावर सीआरआय 90 किंवा त्याच्या वर आणि रंग 5000 केल्विन (आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) किंवा त्याच्या खाली असेल ती घ्यावी. उजेड थोडा कमी पडतो, पण रंग कळतात. अर्थात पेशंटची कावीळ बघायला अजूनही खिडकीच, डॉक्टर तेच सांगतील.

खिशातल्या बॅटरीबद्दल आणखी एक, माझ्या स्वतःच्या मूर्खपणाचं. डबल ए च्याच मापाचा एक लिथियमचा चार्जिंगचा सेल मिळतो, 14500 म्हणतात त्याला. साध्या सेलचा दाब दीड व्होल्ट, याचा पूर्ण भरल्यावर 4.2. काही बॅटऱ्या दोन्ही सेल चालवतात, आणि लिथियमवर त्यांचा उजेड कितीतरी वाढतो. मी लोभाने तो घातला. बॅगेत दबून बटण दाबलं गेलं, आणि देवरूखच्या एका डॉक्टरांसमोर बॅग उघडली तर आतून जळका वास. व्हिज्युअल एडच्या, म्हणजे डॉक्टरांना औषधं दाखवायच्या चोपडीच्या, प्लास्टिकला रुपयाएवढं भोक पडलं होतं, बरोबर आमच्या अँटासिडच्या पानावर. जळजळीवरचं औषध. डॉक्टर इतके हसले की त्या महिन्यात त्यांनी ते लिहून दिलं. तेव्हापासून बॅगेत टाकताना बुडाचं झाकण पाव फेरा सैल करतो. बहुतेक चांगल्या बॅटऱ्यांत तेवढ्याने जोड तुटतो. अण्णांचा उलटा सेल, दुसरं काय.

आणि हो, तो 14500 घरात मोकळा ठेवू नये. चिरंजीवांनी तो साधा सेल समजून भिंतीवरच्या घड्याळात घातला. घड्याळ त्यानंतर चाललं नाही. आमच्या घरात घड्याळाचं आणि बॅटरीचं जुनं वैर आहे, त्याबद्दल पुढे.

गाडीतली बॅटरी उन्हाने मरते. सरळ हिशेब आहे: मे महिन्यात बंद गाडी कातळावर उभी केली की आतला उष्मा साठ अंशांवर सहज जातो, डॅशबोर्डवर तर त्याहून वर. लिथियमचा चार्जिंगचा सेल त्या उष्म्यात वर्ष-दोन वर्षांत म्हातारा होतो. अल्कलाइन सेल पाझरतो. मी डॅशबोर्डच्या खणात दोन वर्षं जपून ठेवलेली बॅटरी नेमकी लागली तेव्हा बटण हलेना. उघडायला गेलो तर झाकण फिरेना. आत पांढरी भुकटी. लिंबाच्या रसाने ती पूड निघते, पण ते घरी. तेव्हा मी कुंभार्ली घाटात होतो.

ऑगस्ट महिना, रात्रीचे साडेदहा. कराडहून मीटिंग आटपून परत येत होतो. उतारावर पुढचं डावं चाक बसलं. धुकं इतकं, की बॉनेटचं टोक दिसेना. मोबाईल पेटवून दातांत धरला आणि जॅक काढला. आधी जॅक लावून चाक उचललं आणि मग नट सैल करायला गेलो, तर नटाऐवजी चाकच फिरायला लागलं. नट चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे असतात, हे चोवीस वर्षं गाडी चालवणाऱ्या माणसाला त्या रात्री आठवलं. गाडी खाली घेतली, पुन्हा सुरुवात. चौथ्या नटाला मोबाईल दातांतून सुटला आणि गटारात गेला. शेवटचे नट मागून आलेल्या एका टेम्पोवाल्याच्या उजेडात बसवले. त्याच्याकडे डोक्याला बांधायची बॅटरी होती. त्याचा क्लीनर ती लावून, दोन्ही हात मोकळे ठेवून, पाच मिनिटांत काम करून मोकळा झाला.

त्यामुळे गाडीला डोक्याची बॅटरीच, बाकी चर्चा नाही. त्यात सेल लिथियमचे, पण चार्जिंगचे नव्हेत; एकदाच वापरायचे, दीड व्होल्टचे डबल ए येतात ते. महाग असतात, पण पाझरण्याची भीती जवळजवळ नाही आणि बनवणारे त्यांना साठ अंशांपर्यंत चालतील म्हणून सांगतात. तरीसुद्धा मी डॅशबोर्डच्या खणात ठेवत नाही. डिकीत, स्टेपनीजवळ, कापडी पिशवीत ठेवतो. तिथे त्या मानाने गारवा असतो. त्याच पिशवीत मागे लोहचुंबक असलेला लाल लुकलुकणारा दिवा. तो गाडीच्या मागच्या पत्र्याला चिकटवायचा आणि गाडीबरोबर आलेला त्रिकोण मागे चांगला लांब नेऊन ठेवायचा. घाटातल्या वळणावर तुम्हाला दिसण्यापेक्षा दुसऱ्याला तुम्ही दिसणं जास्त गरजेचं.

धुक्यात मात्र डोक्याची बॅटरी चालत नाही. उजेड डोळ्यांच्या इतक्या जवळून सुटतो, की धुक्यावर आपटून तो सगळा परत डोळ्यांत येतो, पांढरी भिंत उभी राहते. तेव्हा ती डोक्यावरून काढून हातात, गुडघ्याच्या उंचीवर धरायची. क्लीनरने त्या रात्री चाकाशी बसताना ती कपाळावरून काढून गळ्यात घातली होती, याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

घरातली बॅटरी माणसांमुळे मरते. कुणीतरी नेते आणि परत ठेवत नाही, किंवा चार्ज करायचं सगळ्यांचं काम असतं म्हणून कुणाचंच नसतं.

2021 च्या जुलैपर्यंत आमच्या घरात तीन बॅटऱ्या होत्या आणि एक इन्व्हर्टर. आमचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, खाली दोन खोल्या, वर दोन. 21 जुलैच्या रात्री पाऊस थांबायचं नाव घेईना. 22ला पहाटे वाशिष्ठीचं पाणी गल्लीत आलं, आणि आलं ते असं, की आईला वर नेईपर्यंत माझ्या मांडीला लागलं. इन्व्हर्टर जिन्याखाली होता. तो पहिल्या तासातच गेला. वरच्या कपाटात चार्जिंगची मोठी बॅटरी होती, पांढरी, हँडलवाली, आत शिशाच्या सेलची. ती वर्षभर कुणी प्लगला लावलेली नव्हती. शिशाचा सेल उतरलेल्या अवस्थेत ठेवला की कायमचा खराब होतो. दहा मिनिटं पिवळा उजेड देऊन ती गेली. दुसरी खाली होती, पाण्यात. मोबाईलची रेंज गेली.

राहिली माझ्या शर्टाच्या खिशातली, एका सेलची.

तो दिवस कसा गेला ते आता नको. रात्र लांब होती. पाणी चढतंय की उतरतंय एवढाच प्रश्न होता आणि ते कळायचा एकच मार्ग, जिन्याच्या पायऱ्या मोजणं. दर अर्ध्या तासाने मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन खाली बॅटरी मारायचो. अकरावी पायरी बुडालेली. पुन्हा अकरावी. आई आतून विचारायची, "कितवी रे?" त्याला वीस ल्यूमेनही जास्त होतात. समोरच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त गुरुजी आणि त्यांची बायको, दोघंच. त्यांच्याकडे बॅटरी होती, पण सेल जुने. आम्ही खिडकीतून ठरवलं, तासाला एकदा तीन वेळा लुकलुक केलं म्हणजे ठीक आहोत. एकदा त्यांची लुकलुक आली नाही. मी हाका मारल्या, पावसात ऐकू जाईना. दहा मिनिटांनी आली. डोळा लागला होता, असं गुरुजी दुसऱ्या दिवशी म्हणाले.

माझा सेल पहाटे उतरायला लागला. वरच्या भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला. टीव्हीच्या रिमोटचे उपयोगाचे नव्हते, ते बारीक, ट्रिपल ए. मग आठवलं, आईचं बीपी मोजायचं मशीन! त्यात चार डबल ए. एमआरच्या घरात दुसरं काही नसलं तरी बीपीचं मशीन असतं. त्या पाच सेलांवर आम्ही पुढच्या तीन रात्री काढल्या, तळाच्या पायरीवर. बॅटरी उभी करून वर दुधाची रिकामी पिशवी घातली की सगळ्या खोलीत मऊ उजेड पडायचा. घड्याळ बंद होतं आणि मोबाईलही, त्यामुळे किती वाजले ते कुणालाच कळत नव्हतं. आईने त्यावरही उपाय काढला, भूक लागली की नऊ वाजले. आमच्या गल्लीत लाईट यायला आठवडा उलटून गेला.

म्हणून घरातली बॅटरी डबल ए चीच हवी, यावर माझं कुणी मन वळवू शकणार नाही. यूएसबीने चार्ज होणाऱ्या बॅटऱ्या उत्तम असतात, मुलाकडे आहे एक, 21700 मापाच्या सेलची, पॉवर बँकचंही काम करते. पण घरात डबल ए सेल घड्याळात असतो, मशीनमध्ये असतो, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे असतो. एरवी त्यात मी चार्जिंगचे निकेलचे सेल घालतो, ज्यांचा चार्ज पडून राहिल्यावरही बराच टिकतो त्या जातीचे. ते सहसा पाझरत नाहीत. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये, दमलेला सेल उलटा चार्ज होऊन फुटतो. आणि खुल्या बाजारातल्या चकचकीत वेष्टनातल्या "9900 एमएएच" लिहिलेल्या 18650 सेलच्या वाटेला जाऊ नये; त्या मापाच्या खऱ्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपास मावतात. वेष्टनाच्या आत बहुतेकदा कुणाच्या तरी मेलेल्या लॅपटॉपचा सेल असतो.

दुसरं, घरातल्या बॅटरीला एकच बटण हवं आणि त्याने ती पेटावी नि विझावी. मी नादापायी एक बॅटरी घेतली होती, तिच्यात अँड्युरिल नावाची प्रणाली आहे. किती वेळा दाबलं आणि शेवटी किती धरून ठेवलं यावर ती काय करील ते ठरतं. तिचा नकाशाच असतो कागदभर. मेणबत्तीसारखी थरथरते, सेलचा दाब आकड्यांत लुकलुकून सांगते. मला फार आवडते. लाईट गेलेली असताना ती मामांच्या हातात पडली. त्यांनी घाबरून भराभर दाबलं आणि धरून ठेवलं, आणि आमच्या ओटीवर विजा चमकायला लागल्या. तोही एक मोड आहे, विजांचा. मामा "अरे बंद कर, बंद कर" करत होते, आणि आई शांतपणे म्हणाली, "अण्णांची बरी होती."

आता दाराशेजारी देवघराच्या भिंतीला एक खिळा आहे. त्याला साधी, एका बटणाची, दोन सेलची बॅटरी टांगलेली असते, तिच्या बुडाला रेडियमची पट्टी. तशीच दुसरी वरच्या मजल्यावर. तपासणी दर संकष्टीला. आई चंद्रोदयाची वाट बघत बसलेली असते तेव्हा मी दोन्ही बॅटऱ्या पेटवून बघतो, सेल बदलतो, गाडीतली पिशवी आणून तीही बघतो. चंद्र ढगात असेल तर वेळच वेळ असतो.

त्या पोराला मी शेवटी एक सेलची, सीआरआय 90 वाली सुचवली. दीड हजाराच्या आत बसली. त्याने विचारलं, रेंज किती? म्हटलं, सत्तर-ऐंशी मीटर. तो जरा नाराज वाटला.

काल रात्री जेवताना लाईट गेली. मी उठलो, चाचपडत खिळ्यापर्यंत गेलो, हात वर केला. खिळा रिकामा.

"आई, बॅटरी कुठे आहे?"

"अरे, मी नेलीय," परसातून आवाज आला. "मांजर व्यायलीय बहुतेक, बघत्ये. तू तुझी ती विजांची घे."